गोड शेवटाची पुस्तकं

सोमवार, ३ फेब्रुवारी

वारा आग्नेयेचा, समुद्र खवळलेला, सापळ्यांत शेवंड, म्हणजे लॉबस्टर, बेताची. एवढं बोटीच्या नोंदीत लिहून झालं. घरातलं लिहायला तिथे जागा नसते, म्हणून ही दुसरी वही. कुणी वाचणार नाही, तेव्हा कसंही लिहिलं तरी चालेल.

माझी लेक मार्नी यंदा अकरावीला. सकाळी ती उठायच्या आत मी समुद्रावर असतो आणि दुपारी तिची शाळेची बस गॅम्बियर शहरातून परत येते तेव्हा मी घोरत असतो. आमची गाठ पडते ती संध्याकाळी जेवायला.

"कसा गेला दिवस?"

"ठीक."

"तुझी मैत्रीण काय म्हणते, जॉर्जी?"

"ठीक आहे."

मग ताटली बेसिनमध्ये आणि खोलीचं दार बंद. आत ती वाचत असते. गुलाबी नाहीतर पिवळ्या कव्हरची जाडजूड पुस्तकं, कव्हरवर एक मुलगा आणि एक मुलगी, दोघं एकमेकांकडे पाठ करून उभे. सगळी पुस्तकं मला एकच वाटतात.

जानेवारीत, उन्हाळ्याच्या सुट्टीत, ती आईकडे डार्विनला महिनाभर राहणार होती. आठवड्यात परत आली. उकाडा सहन होत नाही म्हणाली. असेलही, डार्विनचा जानेवारी म्हणजे चेष्टा नाही. नरेलने तिकडे दुसरा संसार थाटून चार वर्षं झाली, आता बाळही आहे. माझ्या बोटीचं नाव मात्र अजून 'नरेल'. बोटीचं नाव बदलू नये म्हणतात. कॉस्टा म्हणतो, तुला रंगाचा डबा उघडायचा कंटाळा.

कॉस्टा माझा डेकवरचा जोडीदार. साठी ओलांडलेला ग्रीक, चार मुलींचा बाप. आज त्याला विचारलं, "चार-चार पोरी वाढवल्यास, या वयात त्यांच्याशी बोलायचं काय ते सांग की."

"मी कुठे वाढवल्या? मी इथे दोर ओढत होतो."

गुरुवार, १३ फेब्रुवारी

वादळामुळे एकही बोट बाहेर पडली नाही. धक्क्यावर पिकअपमध्ये पावसाकडे बघत बसलो होतो. समोर मार्नीचं एक पुस्तक पडलं होतं. दुसरं काही करायला नव्हतं म्हणून उघडलं.

एक मुलगी असते, तिच्या आजीची बेकरी. समोरच्या फुटपाथवर एका मुलाचे वडील दुसरी बेकरी काढतात. दोघांचं हाडवैर. मुलगा दिसायला बरा, हे लेखिका दर दोन पानांनी सांगते. मी मनात म्हटलं, झालं, कळलं पुढचं सगळं. आणि तरी वाचत राहिलो. ती मुलगी त्याला इतकं तडकून बोलते की मी एकटाच हसलो. मध्ये गैरसमज झाला, तो तिला न सांगता गावी निघून गेला, तेव्हा मला चक्क राग आला. शेवटी पिठाने माखलेला परत येतो. कॉस्टाने काच ठोकली तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी होतं.

"काय झालं रे? बँकेचा फोन?"

मी पुस्तक दाखवलं. तो धक्क्यावर वाकून वाकून हसला. "डग, अरे तुझं वय काय, तुझी दाढी काय! कुणी पोरगी बघून ठेवलीय की काय?"

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

आज जेवताना मार्नीला सांगितलं की बेकरीचं पुस्तक वाचलं. तिने काटा खाली ठेवला. "तू? पूर्ण?"

"पूर्ण. तो बेन मूर्ख आहे. एक फोन करायला काय होत होतं?"

ती हसली. खरंच हसली, दात दिसले. मग आम्ही बेनला मनसोक्त शिव्या घातल्या. उठता उठता मी सहज विचारलं, तुमच्या शाळेत आहे का असा कुणी बेन? ती क्षणभर माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, "आहे एक. फ्लिन. रसायनशास्त्राच्या वर्गात माझ्याशेजारी बसतो. फार आगाऊ आहे."

माझी लेक माझ्याशी एका मुलाबद्दल बोलली. शेवंड किती मिळाली ते आज बोटीच्या नोंदीतच राहू दे.

मंगळवार, ४ मार्च

आता रोज फ्लिन. मी जेवायला बसताच विचारतो आणि ती सांगते. काल दुपारी गारठा पडला होता. ती बस-थांब्यावर कुडकुडत होती, तर त्याने काही न बोलता आपलं जॅकेट तिच्या मांडीवर टाकलं आणि निघून गेला. खिशात एक सोललेलं संत्रं, कागदात गुंडाळलेलं.

"सोललेलं?"

"मला सोलायला आवडत नाही, हे मी वर्गात एकदा बोलले होते."

काय पोरगं आहे! नरेलशी पंधरा वर्षं संसार केला, तरी मला कधी असं सुचलं नाही.

शनिवार, १५ मार्च

मार्नीबरोबर गॅम्बियरच्या वाचनालयात गेलो. तिने सहा पुस्तकं घेतली आणि मी दोन. काउंटरवरची जूडिथ हसून म्हणाली, "बापलेकीचा क्लब का?" मार्नी लाजली, पण तिला आवडलं असावं.

बाहेर जॉर्जीची आई भेटली. जॉर्जी पूर्वी आमच्या घरीच पडलेली असायची. म्हटलं, हल्ली दिसत नाही ती? बाई पिशव्या या हातातून त्या हातात करत म्हणाली, "मुली मोठ्या होतात, डग. त्यांचे गट बदलतात. जॉर्जीला मी बोलले होते, तसं वागणं बरं नाही म्हणून, पण ऐकतात का?" मी म्हटलं, मार्नीलाही वेळ कुठे असतो, तिचा एक मित्र आहे ना आता. बाई म्हणाली, "हो? मग बरं झालं," आणि घाईने गाडीत बसली.

या पुस्तकांत बापाला फारसं काम नसतं हे माझ्या लक्षात आलंय. तो स्वयंपाकघरात पॅनकेक उलटत असतो. मुलगी रडत येते, तो एकच वाक्य बोलतो, आणि ते इतकं नेमकं लागतं की ती डोळे पुसून पळत सुटते, थेट त्या मुलाकडे. मग तो बाप पुन्हा दिसत नाही. आज मी पॅनकेक करून बघितले. वाक्य काही सुचलं नाही, पण पॅनकेक तिने खाल्ले.

गुरुवार, २७ मार्च

आज गंमतच झाली. सापळे ओढून झाल्यावर परतीच्या वाटेवर डेकवर बसून वाचत होतो. या पुस्तकातली मुलगी जलतरण तलावावर काम करते. एका गार संध्याकाळी तो मुलगा तिच्या मांडीवर जॅकेट टाकून निघून जातो आणि खिशात असतं एक सोललेलं संत्रं.

ते पान मी दोनदा वाचलं. मग उलगडलं आणि मोठ्याने हसलो. कॉस्टाला म्हटलं, "बघ हे पोरगं! पोरींची पुस्तकं वाचतं आणि त्यातलं बघून मार्नीवर प्रयोग करतं. हुशार आहे की नाही?"

कॉस्टाने पान वाचलं. ओळीवर बोट ठेवून, सावकाश. मग माझ्याकडे बघितलं.

"तू पाहिलंयस का त्या फ्लिनला?"

"अजून नाही. लाजतो म्हणे."

त्याने पुस्तक मिटून परत दिलं आणि आमिषाचे खोके धुवायला गेला. खोके सकाळीच धुतले होते.

रविवार, ६ एप्रिल

संध्याकाळी मार्नीला घेऊन धक्क्याच्या टोकाला चिप्स खायला गेलो. सीगल डोक्यावर घिरट्या घालत होते. मी विचारलं, "ही पुस्तकं तुला एवढी का गं आवडतात?"

"तुला का आवडतात ते आधी सांग."

मी विचार केला. "त्यांत कुणी बुडत नाही."

ती हसली. एक चिप सीगलला टाकून म्हणाली, "बाबा, पहिल्या पानावर ती एकटी असते ना, जेवणाच्या सुट्टीत वगैरे, सगळे हसत असतात आणि ती भिंतीपाशी बसून डबा खात असते. पण तेव्हाही आपल्याला माहीत असतं की कुणीतरी तिच्याकडे बघणार आहे. तिला माहीत नसतं, आपल्याला असतं. त्यामुळे वाईट वाटतच नाही. फक्त कधी बघणार, एवढंच राहतं."

"आणि पुस्तक संपलं की?"

"दुसरं घ्यायचं."

"तुला आता पुस्तकं कशाला? तुझ्याकडे फ्लिन आहे."

ती समुद्राकडे बघत होती. "हो," म्हणाली. "माझ्याकडे फ्लिन आहे."

सुखात असलेली मुलगी इतकी थकलेली का दिसते, हे मला कळत नाही. अभ्यास फार असावा.

शनिवार, १९ एप्रिल

ईस्टर. नरेलचा फोन आला. मार्नीशी बोलून झाल्यावर तिने मला मागितलं.

"डग, ती बरी आहे ना?"

"झकास. तुला फ्लिनबद्दल सांगितलं की नाही?"

"सांगितलं ना! जॅकेट काय, संत्रं काय. मी तर रडलेच." मग म्हणाली, "जानेवारीत माझं जरा चुकलं. बाळ रात्र रात्र झोपत नव्हतं, घरात जागा नाही, आणि ती एकदम विचारायला लागली."

"काय विचारायला लागली?"

"तुला बोलली नाही ती?"

"नाही."

मागे बाळ रडायला लागलं. "मग जाऊ दे, डग. आता खुशीत आहे ना, मग कशाला उकरायचं."

मीही जाऊ दिलं. मार्नीला विचारावं असं वाटलं होतं. पण ती सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन वाचत होती, चेहरा शांत होता, आणि म्हटलं, आज नको.

शनिवार, ३ मे

शाळेची नाचाची पार्टी सतरा तारखेला आहे. पत्र मलाही आलं. गेल्या आठवड्यात विचारलं, फ्लिनने तुला जोडीला चल म्हणून विचारलं की नाही? "अजून नाही," म्हणाली. दुसऱ्या दिवशी विचारलं, तिसऱ्या दिवशी विचारलं. परवा म्हणाली, "विचारलं."

"पुस्तकातल्यासारखं?"

"अगदी तसंच."

पण काल म्हणाली, जायलाच पाहिजे असं नाही, फ्लिनला गर्दी आवडत नाही. मी म्हटलं, मी बोलू का त्याच्याशी? "नको!" एवढ्या जोरात ओरडली की आमचं कुत्रं उठून बाहेर गेलं. मग स्वतःच म्हणाली, "जाईन, बाबा. तू म्हणतोस तर जाईन."

आज गॅम्बियरला ड्रेस घेतला. गडद हिरवा. ती पडद्याआडून बाहेर आली आणि दुकानातली बाई म्हणाली, "अगं बाई, तुझ्यासाठीच शिवलाय." मार्नीने आरशात बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं रडेल, पण तिने फक्त पाठीची चेन लावून मागितली. नरेल इथे असायला हवी होती. चेन लावताना माझ्या या राकट हातांची मला लाज वाटली.

रविवार, १८ मे

काल जे झालं ते जसंच्या तसं लिहितो.

दुपारी मी फुलवाल्याकडून एक पांढरं फूल आणलं. मुलगी मुलाच्या कोटाला फूल लावते, हे सगळ्या पुस्तकांत असतं. छोट्या पारदर्शक डबीत घालून दिलं. मार्नीने डबी हातात घेतली आणि म्हणाली, "बाबा, तू कशाला..."

सहाला गॅम्बियरच्या हॉलपाशी पोचलो. बाहेर मुलंमुली, फोटो, किंचाळणं. मी इंजिन बंद करायला लागलो तर तिने माझा हात धरला.

"तू जा. फ्लिन आत आहे."

"एकदा हात मिळवतो की. दोन मिनिटं."

"प्लीज, बाबा. त्याला लाज वाटेल. नऊला ये."

मी वळणापर्यंत गेलो तोवर ती खांद्याची पिशवी सावरत पायरीवरून हात हलवत होती. पेट्रोल भरताना तिच्या सीटच्या आणि दाराच्या फटीत डबी दिसली. विसरली बिचारी. परत फिरलो.

दाराशी टेबल टाकून एक तरुण बाई बसली होती. शिक्षिका असावी. तिला म्हटलं, मी मार्नीचा बाबा, तिचं हे राहिलं. तिने समोरच्या कागदावर बोट फिरवलं. "मार्नी? तिने येत नसल्याचं कळवलं होतं ना?"

"आत्ताच सोडलं तिला. बरं, फ्लिनकडे द्या."

"कोण फ्लिन?"

"तिच्याबरोबरचा. अकरावीचा. रसायनशास्त्राला तिच्याशेजारी बसतो."

बाईने माझ्याकडे फार मऊ नजरेनं बघितलं. "रसायनशास्त्र मीच शिकवते," ती म्हणाली. "मार्नी एकटी बसते."

मी म्हणालो, माझी काहीतरी गडबड झाली असेल. ती उठून उभी राहिली, "मी येऊ का शोधायला?" म्हणाली. मी नको म्हणालो आणि निघालो.

फार शोधावं लागलं नाही. दोन गल्ल्या पलीकडे नाणी टाकून कपडे धुवायचं दुकान आहे. काचेच्या आत लख्ख उजेड होता. एका भिंतीला कुणाचे तरी कपडे मशीनमध्ये गरगर फिरत होते आणि समोर प्लॅस्टिकच्या खुर्चीवर मार्नी बसली होती. हिरवा ड्रेस, त्यावर शाळेचा स्वेटर. बूट काढून पाय वर घेतलेले. ती वाचत होती. मी रस्त्याच्या या बाजूला उभा असताना ती पुस्तकातल्या कशाला तरी हसली. पान उलटलं आणि परत हसली.

मला रस्ता ओलांडता आला असता. वाहनही नव्हतं. काय बोलायचं ते आठवायचा प्रयत्न केला. इतकी पुस्तकं वाचली, एखादं वाक्य तरी असेल. पण त्या सगळ्या बापांना आधीच माहीत असतं की मुलगा पावसात बाहेर उभा आहे. माझ्याकडे बाहेर कुणीच नव्हता.

मी जाऊन पिकअपमध्ये बसलो. नऊच्या आधी गाडी हॉलच्या कोपऱ्याला आणून लावली. ती मागून आली, भराभर चालत. केस विस्कटलेले. स्वतःच विस्कटले असावेत. स्वेटर दिसला नाही.

"कशी झाली पार्टी?"

"मस्त." धाप लागल्यासारखी बोलली. "खूप नाचलो. फ्लिनला नाचता येतच नाही, सारखा माझ्या पायावर पाय देत होता."

"असं?"

"तू कुठे होतास?"

"कॉस्टाच्या मेहुण्याकडे गेलो होतो. जेवलो तिथे."

घरापर्यंत सगळी शेतं अंधारात होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "बाबा, फूल त्याला फार आवडलं. रात्रभर काढलं नाही त्याने."

डबी माझ्या कोटाच्या खिशात होती. वळणावर ती बरगडीला टोचली.

"छान," मी म्हणालो. "पांढरं शोभलं असेल."

"हो. शोभत होतं."

मंगळवार, २० मे

वारा पडलेला, समुद्र सपाट. सगळं कॉस्टाला सांगितलं. दोर गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "मला मार्चमध्येच कळलं होतं."

"मग बोलला का नाहीस?"

"तू किती खुश होतास, डग."

मी दोराचं दुसरं टोक उचललं आणि गुंडाळायला लागलो.

दिवसभर मनात जुळवाजुळव केली. म्हणायचं, मला सगळं माहीत आहे. म्हणायचं, रागावलो नाही. शाळा बदलू, बोटीवर ये, काहीही कर, पण माझ्यासाठी काही रचू नकोस. संध्याकाळी सॉसेज आणि बटाटे केले. टीव्ही बंद केला. ती समोर बसली.

"मार्नी," मी म्हणालो.

तिने मान वर केली. माझा आवाज तिला कळला असावा. इतकं घाबरलेलं माणूस मी एकदाच पाहिलंय, उलटलेल्या बोटीच्या तळाला धरून बसलेलं. त्याला हात देताना मी विचार केला नव्हता. तेव्हा माझ्याकडे दोर होता. आज तिच्याकडे टाकायला माझ्याजवळ काहीच नव्हतं. शाळेतल्या मुलांना मी तिच्या शेजारी बसवू शकत नाही. तिला जिथे राहायचं असेल ते डार्विनचं घर मोठं करू शकत नाही. तिने जे धरलंय ते मी काढून घेतलं, तर तिने धरायचं काय?

तिचे ओठ पांढरे झाले होते. काटा हातात तसाच.

"फ्लिन कसा आहे?" मी विचारलं.

तिने श्वास सोडला. तो मला टेबलाच्या या टोकाला ऐकू आला. मग ती सांगायला लागली, त्याच्या लहान बहिणीबद्दल, त्याच्या मोडक्या सायकलबद्दल, तो काल काय म्हणाला त्याबद्दल. मी खुर्ची पुढे ओढली आणि विचारलं, "मग तू काय म्हणालीस?"